खुर्चीच्या पायाखालची घडी

"माणसाचं ऐकणं मला जमतं, पण दुसऱ्या कुणी त्याचं कसं ऐकलं हे ऐकायचं म्हणजे भिंतीला कान लावून बसल्यासारखं वाटतं."

सुपरवायझरच्या प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी ताई हे बोलून गेल्या. शिकवायला आलेले सर बारीक हसले आणि म्हणाले, लावा की कान, तेच तर शिकायचंय. वर्गातले बाकीचेही हसले. आपण काहीतरी खरं बोललो आणि ते कुणी ऐकलंच नाही, असं ताईंना वाटत राहिलं. तेही ऐकण्याचाच धंदा करणाऱ्या माणसांत बसून.

ताई समुपदेशक होत्या. चष्म्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्यांचं केंद्र होतं. एका बाजूला रस्त्यावरून चढणारा पुढचा जिना, दुसऱ्या बाजूला गल्लीत उतरणारा मागचा. मधे ओळीनं खोल्या. प्रत्येक खोलीत जराशा तिरक्या ठेवलेल्या दोन खुर्च्या, कागदी रुमालांचा डबा, आणि आलेल्या माणसाला दिसणार नाही पण समुपदेशकाला दिसेल असं लावलेलं घड्याळ. त्याआधी बरीच वर्षं त्या एका मोठ्या दवाखान्याच्या चौकशीच्या खिडकीत बसायच्या. लोक वॉर्ड कुठे म्हणून विचारायचे, उत्तर मिळायचं, आणि तरी तिथून हलायचे नाहीत. ती न हलणारी माणसं बघून बघून ताईंनी चाळिशी उलटल्यावर या कामाचं शिक्षण घेतलं. दवाखान्यातल्या बायका म्हणाल्या, आता या वयात? ताई म्हणाल्या, खिडकीतून हात पोचत नाही.

त्यांची ख्याती विश्वास ठेवण्याबद्दल होती. समोरचा जे सांगेल ते खरं मानून चालायचं, मग त्यातनं जे निघेल ते निघेल. केंद्रात सगळे त्यांना तोंडावर ताई म्हणत आणि पाठीमागे भोळी ताई. एकदा एक गृहस्थ आपल्या तीन बायका कशा गेल्या ते महिनोन् महिने सांगत होता. पुढे कळलं की त्याचं लग्नच झालेलं नव्हतं. सहकारी पोट धरून हसले. ताई शांतपणे म्हणाल्या, तीनदा कुणीतरी त्याला टाकून गेलं असणार, एवढं तर खरं ना.

घरी याच्या बरोबर उलट. ताईंचे यजमान बसच्या खात्यात तिकीट तपासनीस होते. निवृत्त झाले तरी बघण्याची सवय सुटली नव्हती. दुधाची पिशवी फुगीर आहे की नाही तेही ते प्रकाशात धरून बघत. ते म्हणत, तू आमच्याकडे असतीस तर सगळी बस फुकट गेली असती. संशय माझ्या खात्यात, विश्वास तुझ्या; घर चाललंय.

आणि आता म्हातारपण दारात आलेलं असताना ताईंना खातं बदलायला सांगितलं होतं.

प्रशिक्षणाची पद्धत अशी. ज्यांनी वर्षानुवर्षं लोकांचं ऐकलं त्यांनी आता नव्या समुपदेशकांना सांभाळायला शिकायचं. प्रत्येकाला एक नवखा समुपदेशक नेमून द्यायचे. आठवड्यातून एकदा दोघांनी बसायचं. नवख्यानं आपल्याकडे येणाऱ्या माणसाबद्दल सांगायचं, जमलं तर रेकॉर्डिंग ऐकवायचं. मग सुपरवायझरनं विचारायचं: तू इथे गप्प का झालीस, इथे घाई का केलीस, इथे तुला राग आला होता का. आणि आपण हे कसं विचारलं ते सुपरवायझरनं जाऊन सरांना सांगायचं. यजमानांनी हे सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, म्हणजे एक जण रडतो, दुसरा त्याचं ऐकतो, तिसरा दुसऱ्याचं ऐकतो आणि चौथा तिसऱ्याचं. मग त्या रडणाऱ्याकडे बघतंय कोण?

ताईंच्या वाट्याला आली ती केंद्रातली सगळ्यांत धाकटी मुलगी. तिला सगळे धाकटीच म्हणत. शाळेतली कायमची नोकरी सोडून ती इकडे आली होती, भाऊ-वहिनीकडे राहत होती, आणि या वर्षी मला एकटीनं माणसं बघायची परवानगी मिळेल असं त्यांना सांगून बसली होती. परवानगी द्यायची की नाही हे ताईंच्या मतावर होतं. ताईंनी नाही म्हटलं तर आणखी वर्षभर दुसऱ्या कुणाच्या शेजारी बसून मान हलवायची. वहिनीनं ते ऐकून घेतलं नसतं.

तोवर ताईंच्या देखरेखीखाली माणसं बघायची मुभा होती, आणि धाकटीकडे एकच माणूस नेमानं येत होता. निदान ती तसं सांगत होती.

तो एकटा राहणारा गृहस्थ होता. आपण घरी नसताना कुणीतरी येऊन आपल्या वस्तू किंचित हलवून जातं, अशी त्याची खात्री होती. कपाचा कान दुसरीकडे वळलेला असतो. टॉवेलची घडी उलटी असते. चोरी काही होत नाही. झाली असती तर बरं, तो म्हणायचा, निदान त्यांना काय हवंय ते कळलं असतं. बाहेर जाताना तो दाराच्या फटीत काडी खोचून जायचा आणि परत आल्यावर ती जागेवर आहे का ते वाकून बघायचा. खोलीत आल्यावर आपली पिशवी मांडीवर घेऊन बसायचा, शेवटपर्यंत खाली ठेवायचा नाही. रेकॉर्डिंगला तो नाही म्हणाला. कशावर सही करायलाही नाही. पुढच्या जिन्यानं तो येत नसे. बाहेर बसणारी बाई संध्याकाळी निघून गेली की मागच्या जिन्यानं यायचा, धाकटी स्वतः दार उघडायची. पहिल्याच दिवशी त्यानं विचारलं होतं, इथे माझ्यावर कुणी लक्ष ठेवतं का? धाकटी म्हणाली होती, तुमचं नाव न घेता मी माझ्या एका वरिष्ठ बाईंना कामाबद्दल सांगते, तेवढंच. बघत कुणीच नाही. माझा शब्द. त्यावर तो तयार झाला होता.

पहिले काही आठवडे ताईंनी हे सगळं नेहमीसारखं ऐकलं. मग कुठेतरी बारीक कुसळ लागलं.

माणूस फारच नीट होता. धाकटी सांगायची तेव्हा त्याच्या बोलण्याला सुरुवात असायची, शेवट असायचा. खरी माणसं अशी बोलत नाहीत. ती मधेच पाणी मागतात, भलत्याच मेव्हण्याची गोष्ट काढतात. एका आठवड्यात त्याचा भाऊ वारलेला होता, दुसऱ्या आठवड्यात भावाचा फोन आला होता. ताईंनी विचारलं तर धाकटी म्हणाली, तो चुलत. पण म्हणायच्या आधी ती थांबली. ती थांबली हे ताईंनी पाहिलं, आणि ताईंनी पाहिलं हे धाकटीनंही पाहिलं. त्यानंतर तिची उत्तरं आखूड होत गेली. उत्तरं आखूड झाली तसे ताईंचे प्रश्न वाढले. धाकटी दाराकडे बघायला लागली. हल्ली तीही पर्स मांडीवर घेऊन बसायची, पट्टा मुठीत धरून.

त्याला दुसऱ्या कुणी पाहिलेलं नव्हतं. आवाज नाही, सही नाही, पुढचं दार नाही. आणि परवानगीसाठी नवख्यानं किती तास माणसं पाहिली ते धरलं जातं, हे ताईंना माहीत होतं. नसलेला माणूस उभा करायला एवढं कारण पुरे.

एका दुपारी त्यांनी यजमानांना विचारलं, अहो, बिनतिकीटवाला ओळखायचात कसा?

"तो खिडकीबाहेर बघतो."

"आणि तिकीट असलेला?"

"तोही बाहेरच बघतो. नाहीतर खिडकी कशाला असते?"

"मग?"

"मग काय. ज्याचा मला संशय यायचा त्याला तिकीट मागायचो."

ते हसले. ताईंनी ते अगदी मनावर घेतलं.

गृहस्थ यायच्या दिवशी, बाकीचे निघायच्या गडबडीत असताना, ताई त्या खोलीत गेल्या. केंद्राच्या जुन्या माहितीपत्रकाचा एक तुकडा फाडून त्यांनी त्याची घट्ट घडी केली आणि येणाऱ्याच्या खुर्चीच्या मागच्या पायाखाली सरकवली. बघणाऱ्याला वाटावं, खुर्ची डुगडुगते म्हणून लावली असेल. त्या खुर्चीत कुणी बसून जरासा हलला तरी घडी सरकणार होती. आयुष्यभर त्यांनी कुणाच्या पिशवीत डोकावलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर जिना उतरताना त्यांना आत कुठेतरी बरंही वाटत होतं.

सकाळी त्या सगळ्यांच्या आधी आल्या. घडी जिथल्या तिथे.

त्यांनी ती ओढून काढली, उलटसुलट केली, पुन्हा पायाखाली सरकवली. आता त्यांना कळायचं काही उरलं नव्हतं.

त्या आठवड्याच्या बैठकीत धाकटीनं सांगितलं की या वेळी ते गृहस्थ बसलेच नाहीत. आत आले, खुर्चीकडे पाहिलं आणि शेवटपर्यंत खिडकीपाशी उभे राहिले. का ते तिलाही कळलं नाही. ताई तिच्याकडे टक लावून बघत होत्या. पूर्वीच्या ताई असत्या तर त्यांनी विचारलं असतं, मग तू काय केलंस, तूही उभी राहिलीस का? आताच्या ताईंच्या मनात आलं, हिनं घडी पाहिली. घडी पाहिली आणि माणसाला उभा केला.

सरांकडे जाऊन त्यांनी सांगितलं की आपलं मत नाही असं आहे. मुलगी अजून तयार नाही. सर ऐकत होते. त्यांचं ऐकणंही असं की बोलणाऱ्याला आपण काहीतरी लपवतोय असं वाटावं. कशावरून? त्यांनी विचारलं. ताईंनी रेकॉर्डिंग, भाऊ, चुलत भाऊ, सगळं सांगितलं. घडीचं सांगितलं नाही. सर म्हणाले, ताई, तुम्ही मला सगळं सांगताय ना? ताई हो म्हणाल्या, आणि त्यांची नजर सरांच्या हातांकडे गेली. सरांनी आपली थर्मासची पिशवी मांडीवर घेतली होती.

ते तेव्हा नुसतं दिसलं. कळलं दुसऱ्या आठवड्यात, स्वयंपाकघरात.

सकाळी चहा घेताना ताईंनी यजमानांना विचारलं, माझा कप कुणी हलवला? यजमानांनी पेपरातून डोकं वर काढलं.

"घरात आपण दोघं. मी नाही म्हटलं तर उरलं कोण?"

"कान माझ्याकडे होता. आता भिंतीकडे आहे."

यजमान ताईंकडे बघत राहिले. आयुष्यभर लोकांच्या चेहऱ्यांत तिकीट शोधलेला माणूस. मग ते हळूच म्हणाले, "अगं, कुठे निघालीयस का?"

"नाही. का?"

"मग पर्स मांडीवर घेऊन चहा का पितेयस?"

ताईंनी खाली पाहिलं. पट्टा मुठीत होता.

चहावर साय धरली. वर्गात सरांनी एकदा सांगितलं होतं की माणूस जे घेऊन येतो ते खोलीतच राहत नाही. समुपदेशकाला लागतं, त्याच्याकडून सुपरवायझरला. सगळ्यांनी ते लिहून घेतलं होतं, ताईंनीही. आणि ते त्यांना लागलं तेव्हा त्यांना वाटलं, आपल्याला आता दिसायला लागलंय. त्या गृहस्थाच्या दारातली काडी त्यांनी स्वतःच्या हातानं खुर्चीखाली खोचली होती. जो माणूस धाकटीनं रचलाच असं त्या धरून चालल्या होत्या, तो आठवडाभर त्यांच्याच घरात, त्यांच्याच खुर्चीत बसून त्यांच्या कपाचा कान तपासत होता. खोटा माणूस इतका लागत नाही.

घडी अजून त्या खुर्चीखालीच होती. आदल्याच संध्याकाळी तो येऊन गेला असणार. ताई चहा टाकून उठल्या.

केंद्रात पोचल्या तेव्हा खुर्चीच्या पायाखाली काही नव्हतं. त्या गुडघ्यावर बसून फरशीवर हात फिरवत असताना दारात सर येऊन उभे राहिले. म्हणाले, ताई, जरा माझ्या खोलीत येता का? धाकटी आलीय. एक अडचण झालीय.

सरांच्या खोलीत टेबलावर घडी ठेवलेली होती. धाकटीचे डोळे सुजलेले होते. तिनं सांगितलं ते थोडकंच होतं. गेल्या खेपेला त्या गृहस्थांनी आत आल्या आल्या पायाखालचा कागद पाहिला होता. ती मागच्या दाराची किल्ली आणायला गेली तेव्हा त्यांनी तो काढून बघितला आणि जसा होता तसा परत ठेवला, छापील बाजू वर. काल आले तेव्हा कागद जागेवर होता, पण कोरी बाजू वर होती. म्हणजे मधे कुणीतरी तो काढून पाहिला. त्यांनी तो तिच्यासमोर ठेवला आणि विचारलं, बाई, तुमचा शब्द कुठे गेला?

"मी म्हटलं, मी नाही ठेवला. त्यांना ते खरं वाटलं नाही." धाकटी पर्सच्या पट्ट्याशी चाळा करत होती. "आणि आज पहिल्यांदाच ते पुढच्या जिन्यानं आलेत. बाहेर बाकावर बसलेत. म्हणाले, इथली वरिष्ठ बाई कोण ती मला बघायचीय."

सरांनी कपाळ चोळलं. त्यांना हे सरळ दिसत होतं. कागद त्या माणसानंच ठेवला, त्यानंच उलटा केला; घरात जे करतो तेच इथे केलं. दुखणं वाढलंय. त्याला मोठ्या डॉक्टरांकडे पाठवायला हवं, औषध सुरू करून घ्यायला हवं. आणि धाकटीला तो सांभाळता आला नाही, तेव्हा ताईंचं मत बरोबरच होतं. आणखी एक वर्ष थांबू या. ते हे मायेनंच बोलत होते. धाकटी मान हलवत होती, आणि त्या हलवण्यात ताईंना दिसलं की हिलाही आता पटायला लागलंय: कागद त्यानंच ठेवला असेल, नाहीतर मीच कधीतरी ठेवून विसरले असेन.

"कागद मी ठेवला," ताई म्हणाल्या.

खालच्या दुकानात काच घासायचं यंत्र चालू होतं.

"कशासाठी?" धाकटीनं विचारलं.

"तो माणूस येतच नाही, तू रचलायस, असं मला वाटलं."

धाकटी रडली नाही. तिनं ताईंकडे असं पाहिलं की पुन्हा कधी ती ताईंसमोर पर्स खाली ठेवणार नाही.

सरांचा चेहरा मात्र हळूहळू उजळत गेला. ते खुर्चीत पुढे सरकले. ताई, तुम्हाला कळतंय का काय झालंय ते, म्हणाले. वर्गात मी कितीदा शिकवलं, पण असं पायरीपायरीनं वर चढलेलं कधी हाती लागलं नव्हतं. त्याचा संशय हिच्याकडे, हिचा तुमच्याकडे, आणि मला तर तुमचासुद्धा आला होता. पुढच्या तुकडीला हेच शिकवू या, नावं काढून. त्यांनी धाकटीला सांगितलं की परवानगीची काळजी नको, ते बघतील. ताईंनाही म्हणाले, स्वतःचं स्वतः ओळखलंत, यालाच सुपरवायझर म्हणतात. तुमचं प्रशिक्षण झालं असं समजा. एका मिनिटात सगळ्यांचं भलं झालं होतं. ताई त्यांच्या हसण्याकडे बघत होत्या, आणि हा संशय लागलेला आहे की आपला स्वतःचा, हे त्यांना ठरवता येत नव्हतं.

"मग मी बाहेर जाऊन काय सांगू?" धाकटीनं विचारलं.

सरांनी आवाज खाली आणला. "खरं सांगून त्याचं नुकसान होईल. त्याला वाटेल, बघा, मी म्हणत होतो ते बरोबर. आणि सुपरवायझरनं त्याच्यासमोर जायचं नसतं, ती रीत नाही. हे या खोलीतच राहू दे. सांग, खुर्ची डुगडुगत होती म्हणून कुणीतरी लावला असेल."

"खुर्ची डुगडुगत नाही, सर," धाकटी म्हणाली. "त्यांनी हलवून बघितलीय."

सर थर्मासचं झाकण फिरवत बसले. धाकटी ताईंकडे बघत नव्हती. ती दाराकडे बघत होती. दाराला वरच्या बाजूला खरखरीत काच होती आणि तिच्यातून पलीकडच्या बाकावर एक धूसर आकार दिसत होता: वाकलेली मान, आणि मांडीवर काहीतरी काळं, दोन्ही हातांनी धरलेलं. ताईंना तो माणूस पहिल्यांदाच दिसत होता. मग त्या रडणाऱ्याकडे बघतंय कोण, यजमानांनी विचारलं होतं, आणि त्या तेव्हा हसल्या होत्या.

ताईंनी मांडीवरची पर्स उचलली आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवली. टेबलावरची घडी हातात घेतली. सर म्हणाले, ताई, बसा, आपलं अजून संपलेलं नाही. ताई उठल्या, दार उघडलं आणि बाहेर बाकाकडे गेल्या.